वाचक विचारतात : पिन नक्की कुणाच्या ताब्यात?

मागच्या अंकात डिव्हाइस ट्रीची, म्हणजे बोर्डवर काय काय आहे ते लिनक्स कर्नलला सांगणाऱ्या फाइलीची, तोंडओळख झाली आणि शेवटी मी सहज म्हणून गेलो की पिनकंट्रोलबद्दल, म्हणजे चिपच्या कुठल्या पायाला (पिनेला) कुठलं काम ते सांभाळणाऱ्या कर्नलच्या भागाबद्दल, काही अडत असेल तर कळवा, आणि बघतो तर मेलबॉक्स भरून वाहतोय. गंमत म्हणजे निम्म्याहून जास्त पत्रांचं रडगाणं एकच आहे, वायर बरोबर, ड्रायव्हर बरोबर, तरी काही होत नाही. म्हणून हा अख्खा अंक पिनांनाच देऊन टाकला. पत्रं थोडी कापलीत, राग मानू नका.

प्रश्न : सर, मी सांगलीला इलेक्ट्रॉनिक्सच्या तिसऱ्या वर्षाला आहे. बीगलबोन ब्लॅक या लिनक्स बोर्डला जीपीएस मॉड्यूल लावलंय, पी-९ कनेक्टरच्या २४ आणि २६ नंबरला. डिव्हाइस ट्रीमध्ये यूएआरटी-१ या सीरियल पोर्टचं स्टेटस ओके केलं, त्याची टीटीवाय फाइल दिसते, ओपन पण होते, एरर काहीच नाही, पण एक अक्षर येत नाही. तेच मॉड्यूल यूएसबी कन्व्हर्टरने लॅपटॉपला लावलं की धो धो डेटा. ड्रायव्हरचा कोड वाचून काढला, त्यात काही चूक सापडली नाही. सोमवारी रिव्ह्यू आहे.

उत्तर : ड्रायव्हरचा कोड वाचलास हे छान केलंस पण तुझी चूक तिथे नव्हतीच, त्यामुळे सापडणार कशी.

सांगलीचा एसटी स्टँड डोळ्यासमोर आण. फलाट मोजके, गाड्या त्याच्या कितीतरी पट. आत्ता अमुक फलाटाला मिरजेची गाडी लागणार का तासगावची, हे कोण ठरवतं? गाडीचा ड्रायव्हर नाही ठरवत, तो बिचारा सांगितलेल्या फलाटाला गाडी लावतो. ठरवतो तो कंट्रोल केबिनमधला वाहतूक नियंत्रक, आणि तोही मनाने नाही, समोरच्या वेळापत्रकात बघून. चिपमध्ये अगदी हेच चालतं. आत यूएआरटी, आयटूसी, एसपीआय, पीडब्ल्यूएम, एलसीडी असे ढीगभर ब्लॉक, आणि बाहेर पाय मोजकेच, म्हणून एकाच पायावर वेगवेगळ्या वेळी वेगवेगळं काम देता येईल अशी सोय करून ठेवलेली असते. ते काम वाटून देणारं हार्डवेअर म्हणजे पिन कंट्रोलर, आणि वेळापत्रक म्हणजे तुझी डिव्हाइस ट्री. तुझी गाडी सुरू आहे, इंजिन घरघरतंय, पण ती फलाटाला लागलेलीच नाही, प्रवासी उभे आहेत भलतीकडेच.

तू फक्त स्टेटस ओके केलंस. त्याने यूएआरटीचा ब्लॉक जागा झाला, ड्रायव्हर चढला, फाइल तयार झाली. पण पी-९ च्या २४ आणि २६ वर काय आणायचं ते कोणीच सांगितलं नाही. तुझ्या बोर्डवर एएम३३५एक्स घराण्यातली चिप आहे, तिच्यात प्रत्येक पायाला ० ते ७ असे आठ मोड असतात आणि रिसेटनंतर बहुतेक पाय मोड ७ मध्ये म्हणजे साध्या जीपीआयओमध्ये (नुसतं हाय-लो वाचायचं किंवा लिहायचं काम) बसलेले असतात. जीपीएस बोलतंय, पण ते ऐकतोय जीपीआयओ.

आता अंदाजपंचे काही करू नकोस, आधी बघ. रूट होऊन सिस-कर्नल-डिबग खालच्या पिनकंट्रोल फोल्डरमध्ये जा, तिथे ४४ई१०८०० या पत्त्याच्या नावाचं फोल्डर असेल, त्यात पिन्स नावाची फाइल आहे. तुला हवी पिन ९६ आणि ९७. हे नंबर कुठून आले विचारशील तर, पिनांची रजिस्टरं हेक्स ८०० पासून सुरू होतात, प्रत्येकी चार बाइट, यूएआरटी-१ चा आरएक्स आहे हेक्स ९८० ला, म्हणजे फरक हेक्स १८०, त्याला चारने भागलं की हेक्स ६०, म्हणजे आपले ९६. टीएक्स त्याच्या पुढचा, ९८४ ला. त्या ओळीत हेक्स ३७ किंवा २७ असलं काही दिसलं तर शेवटचे तीन बिट ७ सांगतायत, म्हणजे मोड ७, म्हणजे माझं म्हणणं खरं. शेजारच्या पिनमक्स-पिन्स (मक्स म्हणजे पिनेला काम निवडून देणं) फाइलमध्ये त्याच पिनेपुढे मक्स अनक्लेम्ड असं पण लिहिलेलं असेल, म्हणजे या पिनेला कोणी वालीच नाही.

मग उपाय. पिनमक्सच्या नोडखाली एक पोटनोड करायचा, नाव यूएआरटी१-पिन्स ठेव, त्यात पिनकंट्रोल-सिंगल,पिन्स या प्रॉपर्टीत दोन नोंदी: आरएक्सची पिन, इनपुट पुलअप (मोकळी पिन आतल्या रेझिस्टरने हाय ओढून ठेवायची), मोड ०; टीएक्सची पिन, आउटपुट, मोड ०. मग यूएआरटी-१ च्या नोडमध्ये दोन ओळी, पिनकंट्रोल-नेम्समध्ये डिफॉल्ट हा शब्द, आणि पिनकंट्रोल-० मध्ये त्या पोटनोडचा संदर्भ. झालं. परत बूट केलंस की पिन ९६ समोर हेक्स ३० दिसलं पाहिजे आणि पिनमक्स-पिन्समध्ये मालक म्हणून ४८०२२०००.सीरियल.

हे ३० कसं जमलं ते पण समजून घे, पुढे आयुष्यभर उपयोगी पडेल. खालचे तीन बिट मोडचे. बिट ३ पुलचा, पण उलटा, १ म्हणजे पुल बंद, इथे भले भले फसतात. बिट ४ म्हणजे वर ओढायचं का खाली, १ म्हणजे वर. बिट ५ म्हणजे रिसीव्हर चालू. बिट ६ स्लू रेटचा, म्हणजे सिग्नल किती झटकन चढतो-उतरतो त्याचा. तुझ्या आरएक्सला रिसीव्हर हवा, तो हेक्स २०, पुलअप १०, मोड शून्य, बेरीज ३०. रिसीव्हरचा बिट विसरलास तर मोड बरोबर असूनही चिपचे कान बंद, एक अक्षर येणार नाही, आणि तेव्हा परत तू ड्रायव्हर वाचायला घेशील. यातली अजून एक खोच सांगतो, या चिपमध्ये एसपीआयचा क्लॉक आपणच बाहेर पाठवतो तरी त्या पिनेला इनपुट चालू ठेवावा लागतो, कारण बाहेर गेलेला क्लॉक पिनेवरूनच परत आत घेऊन कंट्रोलर डेटा पकडतो. आउटपुट आहे तर इनपुट कशाला असं शहाणपण करून मी स्वतः एक रविवार घालवलाय.

आणि हो, मॉड्यूलचा टीएक्स तुझ्या २६ ला, आरएक्स २४ ला. ५ व्होल्टचं मॉड्यूल असेल तर थेट लावू नकोस, ही चिप ३.३ वाली आहे, मध्ये लेव्हल शिफ्टर टाक, पुण्यात तपकीर गल्लीत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला कुठल्याही दुकानात मिळतो.

प्रश्न : डेव्हमेम या मेमरी वाचायच्या-लिहायच्या कमांडने थेट रजिस्टरमध्ये मोड लिहून बघितला तर कमांड यशस्वी होते पण व्हॅल्यू बदलतच नाही. बीगलबोनच आहे. बोर्ड खराब झाला असेल का? — ठाणे

उत्तर : नाही हो. या चिपमध्ये पिनांची ही रजिस्टरं फक्त प्रिव्हिलेज्ड मोडमधूनच लिहिता येतात, म्हणजे कर्नलमधूनच. यूजरस्पेसमधून वाचता येतं, लिहिलं की चिप ते गुपचूप टाकून देते, तक्रार पण करत नाही. तुम्ही रूट आहात का नाही याच्याशी तिला घेणं नाही. डिव्हाइस ट्रीतूनच जा.

प्रश्न : मी पुण्यात एका कंपनीत नवीनच लागलेय, ड्रायव्हर टीममध्ये. सीनियरने एक ड्रायव्हर वाचायला दिला, त्याच्या प्रोबमध्ये (डिव्हाइस सापडलं की कर्नल बोलावतो त्या फंक्शनमध्ये) पिनकंट्रोलचं एकही फंक्शन कॉल केलेलं नाही तरी पिना बरोबर सेट होतात. विचारलं तर म्हणाले "कोअर करतं". कोअर म्हणजे नक्की कोण, आणि कधी?

उत्तर : सीनियर बरोबर बोलले, फक्त फार कमी बोलले.

सुरुवातीला प्रत्येक ड्रायव्हरला प्रोबमध्ये स्वतः हँडल मागायचं, डिफॉल्ट स्टेट (पिनांच्या सेटिंगचा नाव दिलेला संच) शोधायची, सिलेक्ट करायची असं सगळं करावं लागायचं, तेच चार-सहा ओळींचं पाठांतर शेकडो फाइलींत. मग २०१३ मध्ये, कर्नल ३.९ पासून, हे काम ड्रायव्हर कोअरकडे गेलं. आता तुमचं प्रोब कॉल व्हायच्या आधीच कोअर तुमच्या डिव्हाइसचा नोड बघतं, त्यात डिफॉल्ट नावाची स्टेट असेल तर ती लावून टाकतं आणि मगच प्रोबला हाक मारतं. म्हणजे प्रोबच्या पहिल्या ओळीवर याल तेव्हा पिना आधीच तुमच्या झालेल्या असतात. पिन कंट्रोलरचा ड्रायव्हरच अजून उठला नसेल तर तुमचं प्रोब पुढे ढकललं जातं, डेफर, आणि नंतर परत प्रयत्न होतो. डिबगएफएसमध्ये (म्हणजे त्याच सिस-कर्नल-डिबग खाली) डिव्हाइसेस-डेफर्ड नावाची फाइल असते, कोण कोण ताटकळलंय ते तिथे दिसतं.

कधीकधी पिना आधी लावून चालत नाही, म्हणजे समजा डिफॉल्ट लावल्याबरोबर आउटपुट पिनेवर भलतीच लेव्हल जाणार आणि समोरचा ट्रान्झिस्टर चालू होणार. त्यासाठी इनिट नावाची स्टेट आहे, ती लिहिली असेल तर प्रोबच्या आधी डिफॉल्टऐवजी ती लागते आणि प्रोब नीट पार पडलं, ड्रायव्हरने मध्ये स्वतः काही बदललं नसेल, की कोअर डिफॉल्टवर आणतं.

आता एक अशी गोष्ट जी कोणी सांगत नाही. पिनकंट्रोल-नेम्समध्ये डिफॉल्टचं स्पेलिंग चुकलं, एक अक्षर पुढेमागे झालं, तर काय होईल वाटतं? एरर? नाही. कोअरला डिफॉल्ट नावाची स्टेट सापडत नाही, ते म्हणतं बरं, या डिव्हाइसला पिनांची गरज नसेल, आणि मुकाट पुढे जातं. असे कितीतरी डिव्हाइस खरोखर असतात ज्यांना पिनांचं काही लागत नाही, त्यामुळे त्याचंही चूक नाही. पण तुमचं प्रोब यशस्वी, लॉग स्वच्छ, आणि पिना जागच्या जागी. नेम्समधला पहिला शब्द म्हणजे पिनकंट्रोल-०, दुसरा म्हणजे पिनकंट्रोल-१, असा क्रमाने हिशेब आहे, तो क्रम चुकला तरी तसंच, कर्नल तुमची परीक्षा घेत बसत नाही.

सीनियरना आता उलट विचारा की मग एसडी कार्डच्या ड्रायव्हरमध्ये पिनकंट्रोलचे कॉल का असतात. एनएक्सपीच्या आय-डॉट-एमएक्स चिपमधल्या एसडी कंट्रोलरला डिफॉल्ट, स्टेट-१००मेगाहर्ट्झ, स्टेट-२००मेगाहर्ट्झ अशा तीन स्टेट लागतात, कारण वेग वाढला की पिनेची ड्राइव्ह (ती किती जोराने सिग्नल ढकलते ते) बदलावी लागते, आणि वेग कधी बदलला हे फक्त ड्रायव्हरलाच कळतं. तिथे तो स्वतः स्टेट शोधतो, स्वतः निवडतो. बाकी ठिकाणी आयती सोय आहे ती घ्या.

प्रश्न : मी निवृत्त आहे. आमच्या काळी ८०५१ हा मायक्रोकंट्रोलर होता, पोर्टला बिट लिहिला की पिन हलायची. आता पिन हलवायला एक फाइल, ती फाइल समजायला दुसरी फाइल, आणि प्रत्येक कंपनीची भाषा वेगळी, टीआयचं एक, ब्रॉडकॉमचं दुसरं, रॉकचिपचं तिसरं. हे सगळं मुद्दाम अवघड केलंय का? आपण स्पष्ट सांगावे. — कोल्हापूर

उत्तर : मुद्दाम नाही, पण अवघड झालंय हे मान्य.

८०५१ मध्ये पण तुमच्या पोर्ट ३ ला दुसरं काम होतंच की, आरएक्सडी, टीएक्सडी, दोन इंटरप्ट, टायमर, रीड-राइट. फरक एवढाच की कुठल्या पायाला कुठलं दुसरं काम ते कायमचं ठरलेलं, आणि प्रत्येक पायाला एकच. ४० पायांची चिप, कागदावर पाठ व्हायची. आता एका चिपला शेकडो पाय आणि प्रत्येकाला चार-आठ कामं, वर प्रत्येकाचा पुल वेगळा, ड्राइव्ह वेगळी.

लिनक्समध्ये आधी हे सगळं सी भाषेत लिहिलेलं असायचं, प्रत्येक बोर्डाची एक फाइल, बोर्ड फाइल म्हणायचे. एआरएमचे बोर्ड धडाधड निघायला लागले तसा त्या फाइलींचा डोंगर झाला, आणि पिनांचा कोड तर प्रत्येक चिपवाल्याने आपापल्या कोपऱ्यात आपापल्या पद्धतीने लिहिलेला. मार्च २०११ मध्ये लिनस टोरवाल्ड्स एआरएमवाल्यांवर जाहीर उखडले, अगदी शेलक्या शब्दांत. त्यानंतर एआरएम डिव्हाइस ट्रीकडे जोरात वळलं. ती कल्पना पण नवीन नव्हती, ओपन फर्मवेअर नावाचं आयट्रिपलई १२७५ हे स्टँडर्ड १९९४ चं, सनच्या स्पार्क मशिनांवर आणि पॉवरपीसीवर ती आधीपासून नांदत होती. पिनांची वेगळी सबसिस्टिम लिहिली लिनस वॉलेइ यांनी, हे दुसरे लिनस, स्वीडनचे, आणि ती आली कर्नल ३.२ मध्ये, जानेवारी २०१२.

भाषा वेगवेगळ्या का, तर कोअरने एवढंच ठरवलं की डिव्हाइसच्या नोडमध्ये पिनकंट्रोल-नेम्स आणि पिनकंट्रोल-० वगैरे असतील. ते ज्या पोटनोडकडे बोट दाखवतात त्याच्या आत काय लिहायचं ते त्या त्या पिन कंट्रोलरच्या बाइंडिंगवर, म्हणजे नोड कसा लिहायचा त्याच्या नियमांवर, सोडलं. म्हणून टीआयमध्ये रजिस्टर आणि व्हॅल्यू, रॉकचिपमध्ये बँक, पिन, मक्स आणि शेवटी पुलच्या नोडचा संदर्भ, एसटीएम३२ मध्ये पिनमक्स नावाच्या प्रॉपर्टीत पोर्टचं अक्षर, नंबर आणि एएफ (पर्यायी कामाचा नंबर). म्हणजे पत्ता लिहायची पद्धत सगळीकडे सारखी, आतल्या पत्राची भाषा ज्याची त्याची. हळूहळू समान शब्द पण आले, बायस-पुल-अप, बायस-डिसेबल, ड्राइव्ह-ओपन-ड्रेन, ड्राइव्ह-स्ट्रेंथ, स्लू-रेट, नवीन चिपवाल्यांना आता हेच वापरायला लावतात. जुन्यांना तोडता येत नाही कारण शेतात, कारखान्यात चालू असलेले बोर्ड जुन्याच फाइलींवर चालतायत.

माझं विचाराल तर मला हे जुन्या पद्धतीपेक्षा बरं वाटतं. निदान एक फाइल उघडली की कुठल्या पायाला काय जोडलंय ते दिसतं, आधी त्यासाठी सी चे पाच फोल्डर धुंडाळावे लागायचे.

प्रश्न : रास्पबेरी पाय ३ वर जुन्या पाय २ ची डिव्हाइस ट्री वापरली. जीपीआयओ १४, १५ ला सीरियल आहे, ब्रॉडकॉम,फंक्शन ४ लिहिलंय. कन्सोलवर कचरा येतो किंवा काहीच येत नाही, आणि ब्लूटूथ पण गेलं. — नाशिक

उत्तर : ४ म्हणजे अल्ट-०, पिनेच्या पर्यायी कामांपैकी एक. ब्रॉडकॉमच्या चिपमध्ये प्रत्येक पिनेला तीन बिट असतात, ० इनपुट, १ आउटपुट, आणि पुढचं मात्र सरळ क्रमाने नाही: ४ म्हणजे अल्ट-०, ५ अल्ट-१, ६ अल्ट-२, ७ अल्ट-३, ३ म्हणजे अल्ट-४ आणि २ म्हणजे अल्ट-५. कोणी ठरवलं विचारू नका. १४-१५ वर अल्ट-० म्हणजे पीएल०११ हा मोठा यूएआरटी आणि अल्ट-५ म्हणजे मिनी यूएआरटी. पाय ३ मध्ये तो मोठा यूएआरटी ब्लूटूथला दिलाय आणि १४-१५ वर मिनी यूएआरटी ठेवलाय. तुमच्या फाइलीने मोठा यूएआरटी ओढून परत १४-१५ वर आणला, ब्लूटूथ पोरकं झालं. पाय ३ ची स्वतःची फाइल घ्या, आणि ब्लूटूथ नकोच असेल तर ते बंद करायचा ओव्हरले (डिव्हाइस ट्रीला वरून जोडायचा तुकडा) तयार मिळतो, तो लावला की मोठा यूएआरटी रीतसर १४-१५ वर येतो.

प्रश्न : बूटला लॉगमध्ये येतं की अमुक पिन आधीच अमुकने मागितलीय, तमुकला देता येत नाही, आणि माझं डिव्हाइस वजा २२ एरर देऊन पडतं. माझ्या नोडमध्ये तर सगळं बरोबर आहे! बीगलबोन ब्लॅक, पी-८ च्या खालच्या बाजूच्या पिना वापरतोय. — पिंपरी

उत्तर : तुमच्या नोडमध्ये सगळं बरोबर आहे यावर माझा पूर्ण विश्वास आहे. भांडण शेजाऱ्याशी आहे.

एक पिन एका वेळी एकालाच, हा या सबसिस्टिमचा नियम. दोन नोड ओके असतील आणि दोघांनी एकच पिन मागितली तर ज्याचं प्रोब आधी झालं त्याला ती मिळते, दुसऱ्याला वजा २२. रेल्वेत रुमाल टाकून जागा धरण्यासारखं आहे, फरक इतकाच की इथे रुमालाला कर्नलची मान्यता आहे. आणि लॉगमधला तो मेसेज नीट वाचा, त्यात दोन नावं असतात, आधी धरणारा कोण आणि मागणारा कोण. लोक फक्त स्वतःचं नाव वाचतात आणि स्वतःच्याच फाइलीत तीन तास डोकं घालून बसतात, पहिलं नाव कोणाचं आहे ते बघा ना.

तुमच्या बाबतीत ते बहुतेक एलसीडी कंट्रोलरचं असणार. बीगलबोन ब्लॅकवर एचडीएमआयला जाणारे एलसीडीचे सिग्नल पी-८ च्या २७ ते ४६ वरूनच जातात. एचडीएमआय वापरत नसाल तर बूटच्या सेटिंगच्या यूएन्व्ह फाइलीत व्हिडिओचा ओव्हरले बंद करायची ओळ आहे, तिच्यापुढचा हॅश काढा. तसंच पी-८ च्या ३ ते ६ आणि २० ते २५ या ईएमएमसीच्या (बोर्डवरच्या स्टोरेजच्या) आहेत, त्यांना हात लावाल तर ज्याच्यावरून बूट होताय तीच फांदी तोडाल.

याच्या उलटा आणि जास्त छळणारा प्रकार म्हणजे एररच न येणं. पिन मक्सने एकाने धरली आणि जीपीआयओ म्हणून दुसऱ्याने मागितली, तर काही कंट्रोलर हे चालवून घेतात आणि काही नाही. ड्रायव्हरमध्ये स्ट्रिक्ट नावाचा एक झेंडा असतो, तो लावलेला असेल तर कर्नल आडवा येतो. पिनकंट्रोल-सिंगलमध्ये तो नाही, त्यामुळे बीगलबोनवर एकीकडे पीडब्ल्यूएम आणि दुसरीकडे कोणीतरी त्याच पिनेला जीपीआयओ म्हणून खेळवतंय असं खुशाल होऊ शकतं. म्हणून पिनमक्स-पिन्स फाइलीतली ओळ पूर्ण वाचायची, मक्सचा मालक वेगळा लिहिलेला असतो आणि जीपीआयओचा वेगळा.

आणखी एक संशयित म्हणजे हॉग. पिन कंट्रोलरच्या स्वतःच्याच नोडमध्ये कोणी पिनकंट्रोल-० लिहून ठेवलं असेल तर कंट्रोलर उठल्याउठल्या त्या पिना स्वतःच्या नावावर करून घेतो. मेसेजमध्ये धरणाऱ्याचं नाव म्हणून खुद्द कंट्रोलरच दिसला की समजायचं घरातलाच माणूस आहे. एका ठिकाणी कामाला असताना असाच एक बोर्ड माझ्याकडे आला होता, कोणीतरी दुसऱ्या बोर्डाची फाइल कॉपी करताना त्यातला भला मोठा हॉग नोड पण उचलला होता, चाळीसएक पिना, त्यातल्या निम्म्या या बोर्डवर जोडलेल्याच नाहीत. विचारलं तर उत्तर मिळालं, "असू दे, चालतंय ना." चालत नव्हतं म्हणूनच तर माझ्याकडे आला होता.

प्रश्न : आय-डॉट-एमएक्स-६ च्या फाइलीत प्रत्येक पिनेपुढे एक मोठा हेक्स आकडा असतो, आमच्याकडे सगळे तो कॉपी-पेस्ट करतात. आयटूसीच्या पिनांना तो ४ ने सुरू होतो, मी बाकीच्यांसारखा केला तर आयटूसी बंद पडलं. — हिंजवडी

उत्तर : तो ४ म्हणजे बिट ३०, सायऑन. त्याचा अर्थ, पिन कुठल्याही मोडमध्ये असली तरी तिचा इनपुटचा रस्ता जबरदस्तीने उघडा ठेव. आयटूसीमध्ये कंट्रोलरला स्वतःचीच लाइन परत वाचावी लागते, समोरच्याने क्लॉक धरून ठेवलाय का, अ‍ॅक दिला का, ते बघायला. तो काढलात, कंट्रोलर आंधळा झाला. बिट ३१ लावला तर अर्थ होतो की पॅडच्या सेटिंगला हातच लावू नकोस, बूटलोडरने ठेवलंय तसं राहू दे. बाकी खालचे बिट पुल, वेग, ड्राइव्ह यांचे, चिपच्या मॅन्युअलमध्ये आयओमक्सच्या प्रकरणात एकेक पॅडचं पान आहे, एकदा कागद-पेन घेऊन एक आकडा सोडवा, अर्धा तास लागतो. तुमच्या अख्ख्या टीममध्ये तो आकडा वाचता येणारा एक तरी माणूस हवा.

प्रश्न : म्युनिकहून लिहितेय, मूळची साताऱ्याची. बॅटरीवर चालणारं उपकरण आहे, सस्पेंडमध्ये गेल्यावरही ३ मिलिअँपिअरच्या वर करंट जातोय. डिव्हाइस ट्रीत स्लीप स्टेट लिहिल्या आहेत तरी फरक नाही.

उत्तर : लिहिल्या, पण लावतंय कोण? डिफॉल्टसारखं स्लीपचं नाही, ती कोअर आपणहून लावत नाही. ड्रायव्हरच्या सस्पेंडमध्ये स्लीप स्टेट निवडायचा कॉल असावा लागतो आणि रिझ्यूममध्ये परत डिफॉल्टचा. बऱ्याच ड्रायव्हरांत आहे, बऱ्याच नाही, तेव्हा तुमच्या प्रत्येक ड्रायव्हरमध्ये शोधा. नसेल तर दोन ओळी घाला आणि पॅच वर, कर्नलवाल्यांकडे, पाठवून द्या.

कॉल असूनही फरक नसेल तर स्कीमॅटिक काढा. समजा बाहेर ३.३ व्होल्टला १० किलोओहमचा पुलअप आहे आणि स्लीपमध्ये तुम्ही ती पिन आउटपुट-लो करून ठेवलीत, तर त्या एका रेझिस्टरमधून ०.३३ मिलिअँपिअर सतत जाणार. अशा १० पिना झाल्या की ३.३ मिलिअँपिअर, म्हणजे तुमचा आकडा जवळजवळ तिथेच येतो, आणि २००० मिलिअँपिअर-तासाची बॅटरी नुसती झोपून २५ दिवसांत संपते. उलट पिन इनपुट करून पुल न लावता लोंबकळत ठेवली तर ती मधल्याच व्होल्टेजला तरंगते आणि इनपुट बफर आतून करंट खातो. म्हणून सगळ्या पिनांना सरसकट एकच स्लीप सेटिंग लावू नका. बाहेर पुलअप असेल तिथे बायस-डिसेबल आणि इनपुट, बाहेर काहीच नसेल तिथे आतला पुलडाउन, आणि समोरच्या चिपची वीजच स्लीपमध्ये जाणार असेल तर तिच्याकडे हाय आउटपुट ठेवू नका, नाहीतर तिच्या संरक्षण डायोडमधून तुम्हीच तिला वीज पुरवत बसाल.

प्रश्न : आमचा छोटा स्टार्टअप आहे, एफपीजीएमध्ये (आतलं सर्किट आपण ठरवतो अशा चिपमध्ये) स्वतःचा पिन मक्स केलाय, ३२ पिना, प्रत्येकीला एक रजिस्टर. त्यासाठी पिनकंट्रोल ड्रायव्हर लिहायचा तर सुरुवात कुठून? — छत्रपती संभाजीनगर

उत्तर : आधी न लिहिता भागतं का बघा. एका पिनेला एक रजिस्टर, त्यात मोड आणि पुलचे बिट, एवढंच असेल तर पिनकंट्रोल-सिंगल हा तयार ड्रायव्हर नेमका ह्याच्यासाठीच आहे, रजिस्टरचा पत्ता, रुंदी आणि फंक्शनचा मास्क डिव्हाइस ट्रीत द्या, सी ची एक ओळ लिहायला नको.

नाहीच भागलं तर, पिनांची यादी नंबर आणि नावासकट, मग ऑप्सचे, म्हणजे फंक्शनांचे, तीन संच: पहिला ग्रुप सांगणारा आणि डिव्हाइस ट्रीचा नोड वाचून त्याचा मॅप करून देणारा, दुसरा मक्स लावणारा, तिसरा पुल-ड्राइव्ह वगैरे लावणारा. नोड वाचायचं काम स्वतः लिहू नका, जेनेरिक फंक्शन तयार आहेत, ती लावा म्हणजे आपोआप पिन्स, ग्रुप्स, फंक्शन, बायस-पुल-अप हे समान शब्द चालायला लागतात आणि तुमच्या बाइंडिंगमध्ये नवीन प्रॉपर्टी शोधून काढायचा मोह पण टळतो. जीपीआयओ पण त्याच पिनांवर असेल तर जीपीआयओ-रेंजेस द्यायला विसरू नका, नाहीतर जीपीआयओ नंबर आणि पिन नंबर यांचं नातंच कर्नलला कळणार नाही. आणि स्ट्रिक्टचा झेंडा पहिल्या दिवसापासून लावा, नंतर लावायला गेलात तर कोणाचा तरी चालू बोर्ड मोडतो आणि मग तो कायमचाच राहून जातो.

बाइंडिंग यॅमलमध्ये लिहा आणि डीटीबीएस-चेक ही कर्नलमधली तपासणी चालवून बघा, पोटनोडच्या नावाच्या शेवटी पिन्स हवं का ग्रुप हवं असल्या बारीक चुका ती आधीच पकडते. कर्नलचा तो भाग सांभाळणारे मेंटेनर पहिलं तेच विचारतात. ड्रायव्हर तयार झाला की बाइंडिंगची यॅमल फाइल माझ्याकडे पाठवा, पुढच्या अंकात ओळीओळीने बघू.